सहा मोजेपर्यंत

डॉक्टर बिराजदारांनी आधी पाठीला नळी लावली.
छाती साफ आहे, म्हणाले. शिट्टी नाही, घरघर नाही.
मी पिशवी उचलून उठतच होते,
तर म्हणाले, थांबा की जरा,
कानाला कळत नाही ते यंत्राला विचारू.

यंत्र केवढं, आमच्या तंबाखूच्या डब्याएवढं.
पडद्यावर एक ढग.
तस्लीम सिस्टर सांगते, बाळा, पोटभर श्वास घे,
मग हळू सोड,
ढग दोन रेघांच्या मधून चालला पाहिजे,
सहा सेकंद.
वर गेला तरी चुकलं, खाली पडला तरी चुकलं.

पहिल्यांदा सहस्रा हसली.
दुसऱ्यांदा मेणबत्ती विझवावी तशी फुंकली.
तिसऱ्यांदा खोकला.
सिस्टर म्हणाली, पाच वर्षांचं लेकरू, घाई कसली,
बाहेर बसा, पाणी पाजा, खायला काही देऊ नका.
बाहेर एप्रिल. बाकडंसुद्धा तापलेलं.
एक रडकं पोर, त्याची आत्या, आणि भिंतीवर
कागदाचं कापलेलं फुफ्फुस, एका कोपऱ्यात सुटलेलं.

चौथ्यांदा ढग चालला. थरथरत. सरळ.
मीच श्वास धरून बसले होते.
आकडा आला, बावन्न.

अब्ज कणांत बावन्न, डॉक्टर म्हणाले.
मी विचारलं, अब्ज म्हणजे किती हजार?
ते हसले नाहीत. दहा लाख हजार, म्हणाले.

मला हजारच येतो.
हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे.
हजारावर मजुरी, हजारावर दिवस मावळतो.
हिच्या बारशाला सासऱ्यांनी नाव काढलं, सहस्रा,
मी मनात म्हटलं, अजून एक हजार.

कारखान्यात चेकर कट्टा सोडतो,
विडी बोटांत दाबून बघतो,
आणि छाट बाजूला टाकतो. का, ते सांगत नाही.
डॉक्टरांनी सांगितलं.
नळ्या आतून सुजल्यात,
दम नंतर लागतो, शिट्टी त्याच्याही नंतर,
सूज आधीच येऊन बसलेली असते, न बोलता.
मग विचारलं, घरात धूळ कसली?
मी हात पदराखाली घेतले.

आता सूप राजव्वाच्या गच्चीवर.
पानं तिथंच भिजतात, तिथंच कापतात,
उन्हात कडक होतात, चिरतात,
छाट वाढली. चेकर बोलला. बोलू दे.
हिचे नाना मागावरून येतात
भुवयांवर टॉवेलचा कापूस घेऊन,
मोरीत डोकं धुतल्याशिवाय उचलत नाहीत तिला.
ती दारात हात वर करून उभी, ते पाणी ओततायत.
सकाळ-संध्याकाळ पंप, त्याला प्लॅस्टिकचं नळकांडं,
मग चूळ.
वहीत रात्रीचा खोकला मी कट्ट्यासारखा मांडते,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
कोरं पान दिसलं की भीती वाटते,
मीच झोपले होते का?

जुलैत एकेचाळीस.
खाली येतोय, डॉक्टर म्हणाले.
कुठपर्यंत, ते मी विचारलं नाही,
पुढची तारीख विचारली.

घरी चौकटीला मागावरचा एक दोरा बांधलाय.
सहस्रा समोर पाट ठेवून बसते,
दोरा तिरका ठेवायचा, पडू द्यायचा नाही,
मी मोजते, आमच्या घरच्या भाषेत,
कारण मराठीतले आकडे मजुरीचे आहेत.
ओकटी, रेंडु,
मूडु,
दोरा हलतो, सावरतो,
नालुगु,
गल्लीत कुणाचा तरी माग थांबतो,
ऐदु,
तिचे गाल, तिच्या गळ्याची ती खळी,
आरु.

अम्मा, पुन्हा, म्हणते.